योगायोगाची मोजपट्टी : द्विपद वितरण आणि प्रसामान्य वक्र

ज्या प्रयोगाची निष्पत्ती दोनच प्रकारची असते, छापा वा काटा, निवड वा नकार, असा प्रयोग ठरावीक वेळा केला असता 'यश' किती वेळा मिळेल, याच्या संभाव्यता सांगणाऱ्या मांडणीस संख्याशास्त्रात 'द्विपद वितरण' म्हणतात. प्रत्येक वेळी यशाची संभाव्यता तीच असावी आणि एका प्रयत्नाचा दुसऱ्यावर परिणाम होऊ नये, या तिच्या दोन अटी होत. नाणे दहा वेळा उडवले तर हिशोब हाताने करता येतो. मात्र शंभर फेकींत साठ किंवा अधिक छापे पडण्याची संभाव्यता हवी असेल, तर ४१ स्वतंत्र पदे काढून त्यांची बेरीज करावी लागते. संगणक नसलेल्या काळात हे काम अत्यंत जिकिरीचे होते.

या अडचणीतून वाट काढली ती अब्राहम द मॉयव्हर यांनी. जन्माने फ्रेंच असलेले हे प्रॉटेस्टंट गणितज्ञ धार्मिक छळामुळे मायदेश सोडून लंडनला स्थायिक झाले होते. प्रयत्नांची संख्या वाढत गेली की द्विपदाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या आकृतीला एका गुळगुळीत, घंटेच्या आकाराच्या वक्राचे रूप येते, हे त्यांनी १७३३ साली एका लॅटिन टिपणात दाखवून दिले. यश आणि अपयशाची शक्यता समान नसतानाही हा नियम कसा लागू पडतो, याची व्यापक मांडणी पुढे लाप्लास यांनी १८१२च्या आपल्या ग्रंथात केली. हाच वक्र आज 'नॉर्मल' किंवा प्रसामान्य वितरण म्हणून ओळखला जातो.

पद्धत सोपी आहे. प्रयत्नांची संख्या व यशाची संभाव्यता यांचा गुणाकार म्हणजे अपेक्षित सरासरी. या सरासरीला अपयशाच्या संभाव्यतेने गुणून वर्गमूळ काढले की मिळते ते प्रमाण विचलन. शंभर नाणेफेकींसाठी सरासरी ५० आणि प्रमाण विचलन ५ येते. द्विपदातील आकडे पूर्णांक असतात, वक्र मात्र अखंड असतो. म्हणून 'साठ किंवा अधिक' याची सुरुवात ६० ऐवजी ५९.५ पासून धरतात. हीच 'सातत्य दुरुस्ती'. ५९.५ हा आकडा सरासरीपासून १.९ प्रमाण विचलने दूर असून तक्त्यानुसार संभाव्यता ०.०२८७ येते. अचूक उत्तर ०.०२८४ आहे. दुरुस्ती न केल्यास मात्र ०.०२२८ असे बरेच चुकीचे उत्तर हाती येते.

या गणिताचे मोल केवळ पाठ्यपुस्तकापुरते नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली 'कास्तानेदा विरुद्ध पार्तिदा' या खटल्यात त्याचा आधार घेतला. टेक्सासमधील हिदाल्गो परगण्यात मेक्सिकन वंशाच्या नागरिकांचे प्रमाण ७९.१ टक्के होते. तरीही ११ वर्षांत ग्रँड ज्युरीसाठी बोलावलेल्या ८७० जणांपैकी त्यांची संख्या अवघी ३३९ होती. निवड निःपक्षपाती असती, तर सुमारे ६८८ जण अपेक्षित होते. प्रमाण विचलन सुमारे १२ असल्याने ही तफावत तब्बल २९ प्रमाण विचलनांची ठरली. एवढ्या मोठ्या नमुन्यात फरक दोन-तीन प्रमाण विचलनांहून अधिक असेल, तर निवड वंशनिरपेक्ष होती हे गृहीतक संशयास्पद ठरते, असे न्या. हॅरी ब्लॅकमन यांनी निकालाच्या तळटीपेत नमूद केले. असा फरक योगायोगाने पडण्याची शक्यता एकावर १४० शून्ये एवढ्या संख्येत एकाहूनही कमी असल्याचे त्यात म्हटले होते. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने आरोपीच्या बाजूने कौल दिला.

या खटल्यातून पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात येतात. सरासरीच्या आसपास प्रसामान्य वक्र उत्तम काम देतो, परंतु टोकाला त्याची अचूकता ढासळते. हिदाल्गोच्या आकड्यांवर केवळ या वक्राने हिशोब केल्यास शक्यता अचूक द्विपद उत्तरापेक्षा चाळीसहून अधिक शून्यांनी लहान दिसते. निष्कर्ष बदलत नाही, पण तो आकडा शब्दशः घेता येत नाही. तसेच अपेक्षित यश आणि अपेक्षित अपयश या दोन्ही संख्या किमान पाच, काहींच्या मते दहा असाव्यात, असा संकेत आहे. यशाची संभाव्यता फारच अल्प असेल, तर प्वासाँ वितरण अधिक योग्य ठरते.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न गणिताबाहेरचा आहे. टक्केवारी कोणत्या लोकसंख्येची धरायची? एकूण लोकसंख्येऐवजी ज्युरीसाठी पात्र असलेल्यांचेच प्रमाण पाहावे, असा आक्षेप भिन्न मत नोंदविताना सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी घेतला होता. मूळ प्रमाण बदलले की सरासरी बदलते आणि विचलनांचा आकडाही बदलतो.

आज संगणक अचूक द्विपद उत्तर क्षणार्धात देतो. तरीही अपेक्षेपासूनचे अंतर प्रमाण विचलनांत मोजण्याची ही रीत टिकून आहे, कारण दोनच आकड्यांवरून तफावतीचे गांभीर्य तीतून चटकन कळते. केवळ योगायोग हे कारण पुरेसे आहे का, एवढेच ती सांगते. खरे कारण कोणते, हे शोधण्याची जबाबदारी मात्र माणसांवरच राहते.