चोळायचे औषध आणि गिळायचे औषध

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "इतिहासावर काहीतरी लिहा" असा चिटणीसबाईंचा निरोप आला. इतिहास म्हटला की राजेरजवाडे, लढाया आणि सनावळ्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात, आणि त्यांत माझी गती बेताचीच. पण गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण सगळ्याजणी कशावर बोलत होतो ते आठवले आणि विषय आपोआप सापडला. वाण कोणी काय लुटले यावर पाच मिनिटे बोलणे झाले असेल नसेल. बाकी सारा वेळ गुडघे! कोणाला सतरंजीवरून उठवेना, कोणाचा खांदा वर जाईना, कोणाची कंबर खुरपणीला वाकली ती सरळच होईना. शेवटी एकीने पिशवीतून मलमाची ट्यूब काढली. ती हातोहात फिरून तिच्याकडे परत जाईपर्यंत पार चपटी झाली होती. त्या ट्यूबलाही इतिहास आहे, आणि तो आपल्याच कोनाड्यापासून सुरू होतो.

आमच्या आजीच्या कोनाड्यात तेलाची बुधली असे. आपल्याकडे करडई आणि जवस घरचीच, तेव्हा तेलाला तोटा नव्हता. गुडघा धरला की तेल कोमट करून चोळायचे, वर एरंडाचे नाहीतर रुईचे पान तव्यावर गरम करून बांधायचे. निर्गुडीचा पाला उकळून त्या पाण्याने शेकायचे. पाय मुरगळला तर आंबेहळद आणि रक्त्याबोळ उगाळून लेप. काहीच नसेल तर मिठाची पुरचुंडी किंवा चुलीवर तापवलेली वीट होतीच. आयुर्वेदात यालाच स्नेहन आणि स्वेदन म्हणतात. वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त अभ्यंग हा रोजच्या दिनचर्येत सांगितला आहे. आपण मात्र तो दिवाळीच्या एका पहाटेवर आणून ठेवला. बाईच्या वाट्याला तर तो फक्त बाळंतपणात येतो. सव्वा महिना तेल, शेक, शेगडी, ओवा. आणि एकदा का ती उठून कामाला लागली की पुढच्या बाळंतपणापर्यंत तिच्या पाठीला कोणाचा हात लागत नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. पण पुढे औषध गिळण्याची गोष्ट यायची आहे, तिचे मूळ मला यातच दिसते. चोळायला वेळ लागतो आणि बहुधा दुसरा माणूस लागतो. गिळायला घोटभर पाणी पुरते.

तेलाच्या जागी बाटली आणि डबी कधी आली? आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे हकिमांची औषधे आपल्याला परकी नव्हती. हैदराबादेत १९२० साली हकीम मोइझुद्दीन फारुकी यांनी 'झिंदा तिलिस्मात' काढले. ते मुख्यतः निलगिरीचे तेल. सर्दी असो, पोट असो, सांधा असो, एकच बाटली सगळ्यांना. मुंबईकडून आला तो अमृतांजन बाम. काशीनाथुनी नागेश्वरराव या आंध्रातील गृहस्थांनी तो १८९३ साली मुंबईत काढला. संगीताच्या बैठकींत तो फुकट वाटून त्यांनी लोकांना त्याची सवय लावली असे सांगतात. बामच्या पैशातून त्यांनी १९०८ मध्ये मुंबईतच 'आंध्र पत्रिका' हे वर्तमानपत्र सुरू केले आणि स्वातंत्र्याच्या चळवळीलाही हात दिला. डोकेदुखीच्या डबीतून वर्तमानपत्र निघाल्याचे दुसरे उदाहरण माझ्या तरी ऐकिवात नाही. पुढे आयोडेक्सचे काळे मलम आले आणि दूरदर्शन आल्यावर त्या पडद्यावर कंबर धरून उभी असलेली गृहिणी आली.

या साऱ्या बामांचे काम कसे चालते हे समजून घेण्यासारखे आहे. पुदिन्याचे फूल, म्हणजे मेंथॉल, कातडीला लागले की गार वाटते. वस्तुतः कातडी मुळीच गार झालेली नसते. थंडी ओळखणारी जी दारे आपल्या मज्जातंतूंवर असतात तीच मेंथॉल उघडते, हे २००२ साली उलगडले. मिरचीने आग होते तेही असेच, उष्णतेची दारे उघडल्यामुळे. या संशोधनात अग्रभागी असलेल्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सांगावयाचे म्हणजे, बाम दुखण्याकडचे लक्ष दुसरीकडे वळवतो. रडणाऱ्या मुलाला आपण चिमणी दाखवतो तसे. सूज उतरवणे हे त्याचे मुख्य काम नव्हे.

तथापि बऱ्याच बामांत एक उग्र गोडसर वासाचे तेल असते, गंधपुराचे. त्याची झुडपे आपल्या देशात निलगिरीच्या डोंगरांत आणि ईशान्येकडे होतात. त्यातील मिथिल सॅलिसिलेट हे द्रव्य १८४३ साली फ्रान्समध्ये ओळखले गेले. ते ॲस्पिरिनच्या गोतातले. ॲस्पिरिन १८९७ मध्ये जर्मनीत बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले, १८९९ पासून विकले जाऊ लागले आणि जगाला दुखणे गिळून घालवण्याची वाट सापडली. गंमत अशी की ॲस्पिरिनने दुखणे थांबते कसे हे पाऊणशे वर्षे कोणालाच ठाऊक नव्हते. १९७१ मध्ये इंग्लंडच्या जॉन व्हेन यांनी ते दाखवले, आणि त्यासाठी १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

व्हेन यांनी सांगितले ते घरगुती भाषेत असे. जिथे इजा होते तिथे शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करते. त्यांनी सूज येते, ठणका लागतो. ॲस्पिरिन आणि तिच्या जातीच्या गोळ्या ती द्रव्ये तयारच होऊ देत नाहीत. परंतु हीच द्रव्ये जठराच्या आतल्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करतात, आणि शरीरातले पाणी कमी झाले की मूत्रपिंडाकडे जाणारे रक्त चालू ठेवतात. गोळी रक्तातून सगळीकडे जाते. गुडघ्याचा ठणका थांबवायला निघालेली ती वाटेत जठर आणि मूत्रपिंड यांचाही पहारा उठवते.

या जातीतील डायक्लोफेनॅक हे औषध स्वित्झर्लंडमधील सिबा-गायगी कंपनीच्या संशोधकांनी तयार केले. ते चांगलेच गुणकारी निघाले आणि स्वस्तही झाले. आता हे सारे चकलांब्याला का सांगायचे? तर आपल्या तालुक्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे कोणाला ठाऊक नाहीत! नवराबायको मिळून एक कोयता. पहाटेपासून वाकून तोडायचे, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची. एक दिवस पडून राहिले तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. आमच्या आळीतली एक बाई दरवर्षी जाते. तिच्या कमरेच्या पिशवीत तंबाखूची डबी असावी तशी गोळ्यांची पट्टी असते. मी एकदा विचारले, "किती घेतेस गं?" ती म्हणाली, "काय करावं माय, सकाळी एक घेतल्याबिगर कंबर उचलत नाही. लई झालं तर संध्याकाळी अजून एक." डॉक्टरला विचारलेले नाही. उपाशीपोटी, उन्हात, लघवीला जायला आडोसा नाही म्हणून पाणीही बेताचे प्यायलेले. मूत्रपिंडाला ज्या वेळी त्या द्रव्यांचा आधार हवा असतो, नेमक्या त्याच वेळी गोळी तो आधार काढून घेते.

हे औषध रक्तात गेले की काय करू शकते याची साक्ष आपल्या आभाळानेही दिली आहे. माझ्या पिढीतल्या भगिनींना आठवत असेल, गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की तासाभरात गिधाडे उतरत. आताच्या मुलांना गिधाड चित्रात दाखवावे लागते. पांढऱ्या पाठीची गिधाडे भारतात १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत इतकी घटली की हजारातले जेमतेम एक उरले. कोणी म्हणे रोग आला, कोणी म्हणे फवारणीचे विष. २००४ च्या जानेवारीत लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील मेलेल्या गिधाडांवरचे संशोधन प्रसिद्ध केले आणि कारण कळले. लंगडणाऱ्या गुरांना डायक्लोफेनॅक टोचत; ते जनावर दगावले की गिधाडे त्याचे मांस खात; आणि थोड्याच दिवसांत त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. आतल्या अवयवांवर युरिक आम्लाची पांढरी पुटे साचलेली आढळत. भारत सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. माणसांच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जात, म्हणून २०१५ पासून कुपी ३ मिलीलीटरचीच असावी असे ठरले. गिधाडाचे शरीर वेगळे आणि आपले वेगळे, हे मात्र नीट लक्षात घ्यावे. आपल्या रक्तातून हे औषध काही तासांत निघून जाते. डॉक्टरांनी चार दिवस गोळी दिली तर कोणी घाबरून जाऊ नये. प्रश्न आहे तो महिनोन्‌महिने, न विचारता घेतलेल्या गोळीचा.

जेलचा जन्म झाला तो याच अडचणीतून. औषध ठणक्याच्या जागीच लावले तर? कातडी ही मोठी कडक राखणदार. बाहेरचे सहजासहजी आत येऊ देत नाही. म्हणून औषध अशा पाणचट, गार, चिकट नसलेल्या लेपात मिसळले की ते हळूहळू कातडीतून झिरपून खालच्या सांध्यापर्यंत पोहोचावे. एका गुडघ्याला दिवसातून चार वेळा जेल लावले तरी रक्तात उतरणारे औषध गोळीच्या मानाने सुमारे ६ टक्केच भरते. अमेरिकेत असे जेल २००७ साली मान्य झाले आणि २०२० पासून ते चिठ्ठीशिवाय मिळते. इंग्लंडच्या 'नाइस' या सरकारी संस्थेने २०२२ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी व्यायामाबरोबर औषध द्यायचे झाल्यास आधी चोळायचे द्यावे असे सांगितले. आपल्याकडच्या प्रसिद्ध ट्यूबवरची बारीक अक्षरे मी नातीकडून वाचून घेतली. डायक्लोफेनॅक १.१६ टक्के, मिथिल सॅलिसिलेट १० टक्के, मेंथॉल ५ टक्के आणि ३ टक्के जवसाचे तेल! आजीची बुधली अशी मागल्या दाराने परत आलेली पाहून मला फार हसू आले.

गुण किती येतो? खरे तेच सांगावे. ताज्या मुरगळीला आणि मुक्या माराला आठवडाभरात चांगला येतो. २०१५ च्या एका मोठ्या पाहणीत अशा एका जेलने १०० पैकी ७८ जणांचे दुखणे बरेच उतरले. औषध न घातलेला लेप लावणाऱ्यांत २० जणांचे. जुन्या गुडघेदुखीत मात्र २०१६ च्या पाहणीचे आकडे सुमारे ६० आणि ५० असे आहेत. म्हणजे नुसत्या लेपानेही निम्म्यांना बरे वाटले. काळाचा वाटा त्यात असेल, आणि चोळणाऱ्या हाताचाही असेल असे मला वाटते. गुडघा, घोटा, हाताची बोटे, म्हणजे जिथे सांधा कातडीच्या जवळ आहे, तिथे जेल उपयोगी. मणक्याच्या खोल दुखण्याला ते पोहोचेल याचा भरवसा नाही. ऊसतोडीची कंबर त्याने सुटणार नाही, हे कबूल केले पाहिजे.

आणि आपल्या चुका! जेल चोळून वर एरंडाचे पान बांधायचे आणि विटेने शेकायचे, हे मी स्वतः केले आहे. कातडी भाजल्यासारखी लाल झाली. जेल लावल्यावर वर पट्टी नको, शेक नको. जखमेवर आणि डोळ्यांजवळ नको. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, दमा असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. जेल लावून शिवाय तीच गोळीही घ्यायची, हा दुहेरी प्रकार बंद करावा. गंधपुराचे शुद्ध तेल घरात असेल तर मुलांच्या हाती लागू देऊ नये. चमचाभर पोटात गेले तर लहान मुलाच्या जिवावर बेतते. शिवाय सगळ्याच ट्यूबांत डायक्लोफेनॅक असते असे नाही. कित्येकींत नुसता बामच असतो, तेव्हा डबीवरचे नाव वाचून घ्यावे.

किमतीचे काय, हेही विचारले पाहिजे. अमेरिकेतील मापाप्रमाणे एका गुडघ्याला एका वेळी ४ ग्रॅम, दिवसातून चार वेळा, म्हणजे १६ ग्रॅम लागते. ३० ग्रॅमची ट्यूब दोन दिवसांत संपली! आपण वाटाण्याएवढे बोटावर घेतो आणि "गुण येत नाही" म्हणतो. गोळी मात्र सुटी मिळते आणि ट्यूबपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

आमच्या आळीतली ती बाई गेल्या दिवाळीनंतर निघाली तेव्हा मी तिच्या हाती दोन ट्यूबा दिल्या. कसे लावायचे ते सांगितले. तिने एकच विचारले, "लावल्यावर थोडा वेळ बसावं लागतं का, आत्या?" मी म्हटले, "दहा मिनिटं तरी वाळू द्यावं." ती हसली. पाडव्याच्या सुमारास ती परत आली. एक ट्यूब संपली होती, दुसरी निम्मी शिल्लक होती. "रात्री झोपताना गुडघ्याला सून चोळायची, बरं वाटायचं," म्हणाली. गोळ्यांचे विचारले, तर म्हणाली की रोजची सोडली, पण गाडी भरायची असेल त्या दिवशी अजून घ्यावीच लागते.