प्रकल्प शाळेत कसा आला?

स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहा, असे संपादक मंडळाने कळवले. आठवणी आपल्या २०१० च्या तुकडीतले इतर लिहितीलच. मी सध्या बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आंतरवासितेचे सोळा आठवडे मला आपलीच शाळा मिळाली. मागच्या बाकावर बसून दुसऱ्यांचे तास पाहायचे आणि निरीक्षण वहीत नोंदी करायच्या, हे त्यातले एक काम. त्या वहीतला सातवीचा एक प्रकल्प आणि ‘प्रकल्प’ या गोष्टीचा थोडा इतिहास इथे मांडते.

आपल्या वेळचा प्रकल्प सर्वांना आठवत असेल. स्टेशनरीच्या दुकानातून चित्रांचे तक्ते आणायचे, कापून वहीत चिकटवायचे, खाली सुवाच्य अक्षरात माहिती लिहायची. त्यात गुरुजनांचा दोष नव्हता. साठ-साठ मुलांचे वर्ग आणि मार्चपर्यंत संपवायचा पोर्शन, यात आणखी काय होणार? पण ही कल्पना मुळात अशी नव्हती.

१८९६ मध्ये जॉन ड्यूई यांनी शिकागो विद्यापीठात एक प्रयोगशाळा-शाळा सुरू केली. तिथे मुले स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम करत आणि त्यातून गणित, विज्ञान, इतिहासाकडे वळत. पुढे ड्यूई न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथल्याच टीचर्स कॉलेजमधले विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये ‘प्रकल्प पद्धती’ हा निबंध लिहिला आणि हा शब्द जगभर गेला. मुलांनी स्वतःच्या हेतूने, मनापासून हाती घेतलेले काम म्हणजे प्रकल्प, हे त्याचे सार. मला विशेष वाटते ते हे, की १९१३ ते १९१६ या काळात कोलंबियात ड्यूईंच्या व्याख्यानांना बसणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते.

आपल्याकडे याच्या जवळचा विचार वेगळ्या वाटेने आला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली आणि डॉ. झाकीर हुसेन समितीने ‘नई तालीम’चा आराखडा केला. साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला होती. सूत कातता कातता हिशेब, भूगोल, इतिहास शिकायचा, अशी कल्पना. स्वातंत्र्यानंतर बहुतेक ठिकाणी टकळी राहिली, पण तिच्याभोवतीचे प्रश्न गेले आणि मूलोद्योग हा वेळापत्रकातला एक तास झाला. २०१० मध्ये, म्हणजे आपण शाळेतून बाहेर पडलो त्याच वर्षी, राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत ‘प्रकल्प’ अधिकृतपणे बसला आणि त्याला गुणांचा रकाना मिळाला. रकाना आला की तो भरण्याची घाई येते. टकळीचे झाले तेच प्रकल्पाचे होण्याची भीती तिथेच आहे.

आता सातवीचा वर्ग. बाईंनी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला : ‘आपले गाव पाणी कुठून पीत आले?’ मुलांनी पाच गट केले. एका गटाने गावातले आड आणि विहिरी मोजल्या : अकरा. पाणी होते चारांत. दुसऱ्या गटाने दोरीला दगड बांधून खोली मोजली आणि काठाला दोरी गुंडाळून, बावीस सप्तमांशाने भागून व्यास काढला. परीघ आणि व्यासाचे नाते माझ्या पाठापेक्षा त्यांना त्या दोरीने जास्त समजले, अशी नोंद माझ्या वहीत आहे.

तिसरा गट म्हाताऱ्या माणसांना भेटत होता. त्यांनी ऐंशी ओलांडलेल्या एका आजींना वर्गातच आणले. आजींनी १९७२ चा दुष्काळ सांगितला. दुष्काळी कामावर खडी फोडणे, वाटपात मिळालेली सुकडी, मिलोच्या लाल भाकरी. मग एका मुलीने विचारले, ‘आजी, तुम्ही पाणी वेशीजवळच्या आडाचंच भरायचा ना?’ आजी म्हणाल्या, ‘लहानपणी आम्हाला आडावर चढू देत नव्हते, बाळ. खाली उभं राहायचं. कुणी वरून ओतलं तर घागर भरायची.’

वर्ग गप्प झाला. थोड्या वेळाने एका मुलाने विचारले, ‘बाई, हे तक्त्यावर लिहायचं?’ बाई म्हणाल्या, ‘आजींनाच विचार.’ आजी म्हणाल्या, ‘लिही की. मी काय खोटं सांगते?’

मुलांनी लिहिले. २६ जानेवारीला तक्ते व्हरांड्यात लागले, तेव्हा ‘जुनं कशाला उकरायचं?’ असे काहींनी बोलून दाखवले. मुख्याध्यापक सरांनी तक्ता काढला नाही. ‘मुलांनी विचारलं, आजींनी सांगितलं, यात उकरण्यासारखं काय आहे?’ एवढेच ते म्हणाले.

२० मार्च १९२७ चा महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण पुस्तकात वाचला होता. एका गुणाचा प्रश्न यायचा. या मुलांनी तो धडा वाचला आणि पुढचा प्रश्न काढला : आपल्या गावातला आड सर्वांसाठी कधी खुला झाला? बाईंना उत्तर माहीत नव्हते आणि तसे त्यांनी वर्गाला सांगितले. सोळा आठवड्यांत मी पाहिलेला हा सर्वांत चांगला तास. शिक्षकाला आधीच ठाऊक असलेले उत्तर वहीत उतरवणे म्हणजे स्वाध्याय. उत्तर शोधायला वर्गाबाहेर जावे लागले, की प्रकल्प सुरू होतो. पुढच्या वर्षी माझा स्वतःचा वर्ग असेल, तेव्हा एवढे जरी जमले तरी पुरे.

तो प्रश्न अजून सुटलेला नाही. ग्रामपंचायतीच्या दप्तरात मुलांना काही सापडले नाही. म्हणून मित्रमैत्रिणींनो, स्नेहमेळाव्याला येण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा. वेशीच्या आडाचा जुना फोटो, एखादी पावती, नुसती ऐकीव आठवण, जे असेल ते घेऊन या. सातवीचा वर्ग व्हरांड्यात वही घेऊन बसणार आहे.