जनुकीय परीक्षांचा सरकारी खर्च व १९६८ चीं दहा सूत्रें

नवजात अर्भकांची कोणती जनुकीय परीक्षा सरकारी खर्चानें करावी, हा प्रश्न अगदीं अलीकडचा आहे असा सार्वत्रिक समज आहे. जुने कागद पाहतां तो टिकत नाहीं. या विषयाचा आधारग्रंथ इ. स. १९६८ चा असून, लंडनच्या आरोग्यखात्यांतील विल्सन व स्वीडनमधील युंग्नर या दोघांनीं तो जागतिक आरोग्य संघटनेकरितां लिहिला. त्यांतील दहा सूत्रांचा आधार आजहि घेतला जातो.

व्यवहार मात्र ग्रंथाच्या आधींचा आहे. रॉबर्ट गथ्री यानें रक्ताच्या थेंबावरून फिनाइलकीटोन्यूरिया हा आनुवंशिक रोग ओळखण्याची रीत काढिली, व १९६३ सालीं अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानानें ही तपासणी कायद्यानें सक्तीची केली. परीक्षा जनुकाची नव्हे, रक्तांतील द्रव्याची. परंतु वेळींच आहार बदलल्यास बुद्धिमांद्य टळत असे.

दहा सूत्रें बारकाईनें वाचलीं असतां असें दिसतें कीं, खुद्द परीक्षेविषयीं त्यांत दोनच आहेत: ती योग्य असावी व लोकांस मान्य असावी. बाकीचीं रोग, उपचार, साधनें व द्रव्य यांविषयीं. निदान व उपचार धरून होणारा खर्च एकंदर वैद्यकीय खर्चाशीं जुळता असावा, असें नववें सूत्र सांगतें.

आतां स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी हा रोग घेऊं. यांत एका जनुकाच्या दोषामुळें स्नायूंस चालना देणाऱ्या पेशी झडतात, व झडलेल्या परत येत नाहींत. १९९६ सालीं स्थापन झालेल्या ब्रिटिश नॅशनल स्क्रीनिंग कमिटीनें २०१८ मध्यें पुरावा अपुरा म्हणून ही तपासणी नाकारली. त्याच वर्षीं अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनें ती शिफारशींच्या यादींत घातली. (अंमल तेथें संस्थानांकडे असतो.) स्मृतिवचनें तींच असून विज्ञानेश्वर व जीमूतवाहन यांचे दायविभागाचे निर्णय भिन्न व्हावे, तसाच हा प्रकार.

ब्रिटिश समितीची सावधगिरी निष्कारण नव्हती. तिजोरी एकच, आणि एका रोगास दिलेलें द्रव्य दुसऱ्यास मिळत नाहीं. तथापि तिच्या युक्तिवादांत अन्योन्याश्रय दोष आहे, असें आमचें मत आहे. तपासणीवांचून पुरावा नाहीं व पुराव्यावांचून तपासणी नाहीं. मध्यंतरीं जन्मलेल्या अर्भकांच्या पेशी मात्र निर्णयाची वाट पाहत नाहींत. पुढें २०२३ सालीं चालू आरोग्यसेवेंतच ही तपासणी करून पुरावा जमविण्याची योजना त्याच समितीनें पुढें आणली.