मालीश शिकताना बोलायचं किती?



आमच्या वर्गात मालीश शिकायला बारा जणी येतात. बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावणं, म्हाताऱ्या माणसांचे हातपाय चोळून देणं, असं आम्ही शिकवतो. हात बहुतेकींचे चांगले असतात, अडचण असते ती तोंडाची. मागच्या बॅचला एक ताई होत्या. तेलाची वाटी हातात आली की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. एका घरी सरावाला गेल्या आणि तिथली सासू-सुनेची कुरबुर दुसऱ्या घरी सांगून आल्या. चार दिवसांत ती गोष्ट फिरून पहिल्या घरी पोचली. त्या बाळंतिणीचा निरोप आला, "उद्यापासून कुणी येऊ नका." ताईंना वर्गातून काढायचं आमच्या मनात आलं. पण त्याआधी आम्ही ह्या कामाचा इतिहास वाचायला घेतला. तोच आज तुम्हाला सांगतो.

गोष्ट लंडनची, 1894 सालची. त्या वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलनं एक प्रकरण उजेडात आणलं. शहरात मसाजच्या पाट्या लावून काही ठिकाणी वेश्याव्यवसाय चालतो, असं त्यात होतं. प्रामाणिकपणे हे काम करणाऱ्या बायकाही संशयात सापडल्या. तेव्हा परिचारिका आणि सुईणीचं काम जाणणाऱ्या चौघी जणी पुढं आल्या. ल्यूसी रॉबिन्सन, रोझलिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅन्ली आणि मार्गारेट पामर. त्यांनी प्रशिक्षित मालीशकर्त्या स्त्रियांची संस्था काढली, परीक्षा सुरू केली आणि नियम घातले. डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मालीश करायची नाही. डॉक्टरांनी खास सांगितल्याशिवाय पुरुषांची सर्वांगाची मालीश करायची नाही. वैद्यकीय पत्रिका सोडून कुठं जाहिरात द्यायची नाही. रुग्णाला औषधं विकायची नाहीत.

नियम कडक वाटतात. पण त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे विश्वास. मालीश करणारी बाई दुसऱ्याच्या घरात आतल्या खोलीपर्यंत जाते. उघडं अंग बघते आणि न विचारता चार गोष्टी तिच्या कानावर पडतात. तिचा भरवसा गेला की सगळ्याच जणींचं काम जातं. आमच्या ताईंच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. त्या चौघींनी भरवसा सांभाळला म्हणून संस्था टिकली. 1920 साली तिला राजसनद मिळाली आणि पुढं तीच ब्रिटनमधली फिजिओथेरपीची मुख्य संस्था झाली. आपल्याकडं 1950 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, तेही ह्याच विद्येचं.

मग सगळ्यांना गप्पच बसवावं का? इथं इतिहासाची दुसरी बाजू बघायला हवी. अमेरिकेत फिलाडेल्फियाला वेअर मिचेल नावाचे नामांकित डॉक्टर होते. मनानं खचलेल्या बायकांना ते 'विश्रांतीचा उपचार' द्यायचे. अंथरुणात पडून राहायचं, दूध आणि भरपूर अन्न घ्यायचं, मालीश करून घ्यायची आणि आपल्या माणसांपासून लांब राहायचं. 1887 साली शार्लट पर्किन्स गिलमन ह्या लेखिकेनं तो उपचार घेतला. घरी जाताना डॉक्टरांनी तिला लेखणी हातात धरायलाही मनाई केली. त्यानं ती आणखीच खचली. शेवटी तिनं तो सल्ला झुगारला, पुन्हा लिहू लागली आणि 1892 मध्ये तिची 'द यलो वॉलपेपर' ही कथा छापून आली. अंगाला हात लावणारी माणसं होती, पण तिचं ऐकून घेणारं कुणी नव्हतं. गप्प करणं म्हणजे उपचार नव्हे, एवढं त्यातून कळतं.

तिसरी गोष्ट जपानची. सतराव्या शतकात सुगियामा वाइची ह्या अंध वैद्यांनी एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, अंधांसाठी सुयांचे उपचार आणि मालीश शिकवण्याची सोय केली. पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या काही सैनिकांनाही लंडनमध्ये मालीश शिकवली गेली. ज्याला दिसत नाही, त्याला बोट दाखवून कसं शिकवणार? शब्दानं आणि स्पर्शानंच. तेव्हा बोलणं हे शिकण्याचं साधनही आहे.

हे सगळं वाचल्यावर आम्ही ताईंना काढलं नाही. आधी त्यांना बरोबर घेऊन त्या बाळंतिणीची माफी मागायला गेलो. तिनं आम्हाला परत बोलावलं नाही, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही. मग वर्गात तीन गोष्टी ठरवल्या. सुरुवातीला प्रश्न विचारायचे: कुठं दुखतं, दाब कसा वाटतो, थांबू का? हे प्रश्न विचारायचं काम मुद्दाम ताईंना दिलं. मग हात चालू असताना समोरची बोलली तरच बोलायचं. आणि शेवटी चहाबरोबर मनसोक्त गप्पा मारायच्या, मात्र त्या आपल्या घरच्या, दुसऱ्याच्या घरच्या नव्हे.

दोन महिन्यांनी ताई एका आजींचे पाय चोळत होत्या. ताई गप्प होत्या. बऱ्याच वेळानं आजींनीच हळूच सांगितलं, छातीत गाठ आहे, कितीतरी महिने झाले, घरात कुणाला बोलले नाही. ताईंनी आजींना विचारून फक्त आशाताईंना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी आजींबरोबर दवाखान्यात गेल्या.

पुढं काय झालं, ते आम्ही रेडिओवर सांगणार नाही. ती त्यांच्या घरची गोष्ट आहे. ताईंनी तर ती आम्हालाही आजींना विचारूनच सांगितली.