नेवाळी विमानतळ

नेवाळी विमानतळ : दुसऱ्या महायुद्धात बांधलेली व पुढे वापरातून गेलेली लष्करी धावपट्टी. ठाणे जिल्ह्याच्या अंबरनाथ तालुक्यात, कल्याणहून मलंगगडाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत नेवाळी, भाल, द्वारली, डावलपाडा या गावांच्या शिवारात ती आहे. क्षेत्र दीड हजार एकरांहून अधिक. परिसरात आगरी शेतकऱ्यांची जुनी वस्ती असून मुख्य पीक भाताचे.

मार्च १९४२ मध्ये रंगून पडले. पुढच्याच महिन्यात जपानी विमानांनी कोलंबो, विशाखापट्टण व काकीनाडा येथे बाँब टाकले. सरकारने घाईने देशभर दोनशेहून अधिक विमानतळांचा कार्यक्रम आखला. मुख्य तळावर हल्ला झाला तर विमाने विखरून ठेवता यावीत, अडचणीत उतरवता यावीत, यासाठी दुय्यम धावपट्ट्याही लागत. नेवाळीची धावपट्टी याच धामधुमीतली. तिच्या शेजारी कल्याण कॅम्प ही मोठी लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासितांना वसवण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची स्थापना झाली. छावणीचे शहर झाले. धावपट्टीच्या जमिनीचा प्रश्न मात्र आजही धुमसतो आहे.

त्याचे मूळ युद्धकाळातील कायद्यात आहे. १९३९ च्या भारत संरक्षण कायद्याखालील नियम ७५-अ प्रमाणे सरकारला खाजगी मालमत्ता ताब्यात घेता येई. अशा अधिग्रहणात ताबा सरकारकडे जातो, मालकी मूळ धन्याकडेच राहते. संपादनात मालकीही जाते. युद्ध संपल्यावर अधिग्रहणाचे अधिकार १९४७ च्या व पुढे १९५२ च्या कायद्याने चालू राहिले. जमीन युद्धापुरती घेतली होती, ती परत मिळायला हवी, असे नेवाळीचे शेतकरी म्हणतात. ती संरक्षण खात्याचीच, असे नौदलाचे म्हणणे. विमाने थांबल्यावर कित्येक वर्षे याच जमिनीत भात पिकत राहिले, हे विसरून या वादाचा विचार करता येणार नाही.

महाराष्ट्रातील प्रत्येक जुनी धावपट्टी युद्धाची नाही. सातारा जिल्ह्यातील कराडची धावपट्टी सार्वजनिक बांधकाम खात्याने १९५५ मध्ये कोयना प्रकल्पाच्या सोयीसाठी बांधली. म्हणून अशा जागेचा इतिहास पाहताना ती कोणत्या कामासाठी व कोणत्या कायद्याखाली घेतली, हे आधी तपासावे.

नवी मुंबई विमानतळाच्या पर्यावरण मंजुरीचा वाद चालू असताना कल्याणची ही जागा पर्याय म्हणून चर्चेत आली होती. नोव्हेंबर २०१० मध्ये नवी मुंबईला मंजुरी मिळाली आणि ती चर्चा मागे पडली. २०१७ मध्ये नौदलाने जागेला संरक्षक भिंत घालायला घेतली. शेतीत जाण्याची वाट बंद होणार, तीही ऐन पेरणीच्या दिवसांत, म्हणून गावे पेटून उठली. २२ जून रोजी आंदोलनाला हिंसक वळण लागले, पोलिसांच्या गाड्या जाळल्या गेल्या, पोलिसांनी छऱ्यांच्या बंदुका चालवल्या. दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली.

अधिग्रहण की संपादन, याचा निवाडा अखेर कागदावरच होतो. या गावांतील ज्या घरांत त्या काळच्या नोटिसा, भरपाईच्या पावत्या किंवा जुने उतारे असतील, त्यांनी ते जपून ठेवावेत आणि त्यांच्या प्रती अभ्यासकांना पाहू द्याव्यात.