८७० मेंढ्या आणि एक पांढरी गोळी

ओळखीच्या एक शिक्षिका रक्ततपासणीचा कागद घेऊन आमच्याकडे आल्या. टीएसएच १८ होते. शेजारी छापलेली नेहमीची मर्यादा साधारण ०.४ ते ४. डॉक्टरांनी थायरॉक्सिनची गोळी लिहून दिली होती. बाईंचा प्रश्न असा, "आकडा आधीच वाढलाय, मग वाढवणारी गोळी कशाला? कमी करणारी नको का?" गोळी घ्यायचीच नाही, असे त्यांनी जवळजवळ ठरवले होते.

उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे थिओडोर कोखर हे शल्यविशारद गलगंडाच्या शस्त्रक्रियेसाठी नावाजलेले होते. गळ्यातील अवटू ग्रंथी, म्हणजेच थायरॉईड, कशासाठी असते हे तेव्हा कुणालाच नीट माहीत नव्हते. त्यामुळे ती पूर्ण काढून टाकण्यात काही गैर वाटत नसे. पुढे कोखर यांनी आपले जुने रुग्ण परत बोलावून तपासले. ग्रंथी पूर्ण काढलेल्या १८ जणांपैकी १६ जण सुजलेल्या चेहऱ्याचे, मंद, थंडीने गारठणारे झाले होते. लहान मुलांची तर वाढच खुंटली होती. कोखर यांनी ही गोष्ट लपवली नाही, १८८३ मध्ये जाहीरपणे मांडली. १९०९ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. आमच्या मते त्यांच्या हस्तकौशल्याइतकाच हा प्रामाणिकपणाही मोठा होता.

ग्रंथी नसल्याने आजार होतो, तर दुसऱ्या प्राण्याची ग्रंथी बसवून पाहावी असा विचार पुढे आला. १८९० मध्ये लिस्बनच्या दोन डॉक्टरांनी एका रुग्ण स्त्रीच्या त्वचेखाली मेंढीच्या ग्रंथीचा तुकडा बसवला. दुसऱ्याच दिवसापासून तिला बरे वाटू लागले! इथे विद्यार्थ्यांना थांबवून विचारावे, की यात विशेष काय? एका रात्रीत त्या तुकड्यात नव्या रक्तवाहिन्या तयार होणे शक्य नव्हते. म्हणजे ग्रंथी 'जगली' म्हणून गुण आला नव्हता, तिच्यातला रस अंगात भिनला म्हणून आला होता. मग शस्त्रक्रिया तरी कशाला हवी?

हा तर्क इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या पंचविशीतल्या डॉक्टरने केला. १८९१ मध्ये त्याने मेंढीच्या ग्रंथीचा अर्क ४६ वर्षांच्या एका स्त्रीला टोचला. काही आठवड्यांत तिच्या चेहऱ्यावरची सूज उतरली, बोलणे सुधारले. पुढे ती हाच अर्क तोंडाने घेऊ लागली आणि १९१९ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी वारली. मरे यांनी नंतर हिशेब मांडला. २८ वर्षांत तिला ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या होत्या.

अर्कातला नेमका पदार्थ एडवर्ड केंडॉल यांनी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये २५ डिसेंबर १९१४ रोजी स्फटिकरूपात मिळवला. तो हा थायरॉक्सिन. त्याची रचना मात्र त्यांनी चुकीची सांगितली. ती चार्ल्स हॅरिंग्टन यांनी १९२६ मध्ये दुरुस्त केली (रेणूत आयोडिनचे चार अणू असतात, म्हणून संक्षेपात टी-४) आणि पुढच्याच वर्षी जॉर्ज बार्जर यांच्यासह तो प्रयोगशाळेत तयारही केला.

औषध मिळाले, पण किती द्यायचे? नाडी, वजन, चेहरा आणि विश्रांतीच्या वेळी शरीर किती ऑक्सिजन वापरते यांवरून अंदाज करावा लागे. रक्तातील संप्रेरकांचे प्रमाण इतके सूक्ष्म, की ते रासायनिक रीतीने मोजणे अवघड. वाट सापडली ती न्यूयॉर्कमध्ये, मधुमेहाच्या अभ्यासातून. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी इन्सुलिन मोजण्याची युक्ती काढली. एस.टी.त जागा ठराविक आहेत आणि चढणाऱ्यांत काहींच्या डोक्यावर लाल टोप्या आहेत असे समजा. बिनटोपीवाले जितके जास्त, तितक्या कमी लाल टोप्या आसनांवर दिसतील. प्रतिपिंड ही आसने, किरणोत्सारी रेणू या लाल टोप्या आणि रुग्णाच्या रक्तातले संप्रेरक म्हणजे बिनटोपीवाले. त्यांचा सुरुवातीचा एक निबंध नियतकालिकाने नाकारला होता. ते पत्र यॅलोबाईंनी जपून ठेवले आणि १९७७ च्या नोबेल व्याख्यानात चक्क दाखवले! बर्सन मात्र १९७२ मध्येच वारले होते.

१९६० च्या दशकात याच पद्धतीने टीएसएच मोजता येऊ लागले, आणि बाईंच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. टीएसएच अवटू ग्रंथीत तयार होतच नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी सोडते, अवटू ग्रंथीला कामाला लावण्यासाठी. वर्ग ऐकेनासा झाला की आपला आवाज चढतो ना, तसेच. टीएसएच १८ म्हणजे पीयूषिकेचा आवाज चढला आहे, कारण अवटू ग्रंथी मंदावली आहे. गोळीने टी-४ ची उणीव भरून निघाली की आवाज आपोआप उतरतो. हा आवाज फार संवेदनशील असतो. टी-४ निम्म्यावर आले तर टीएसएच शंभर पटींपर्यंत वाढू शकते. म्हणूनच बिघाड आधी तिथे दिसतो. ही मोजणी आल्यावर एक ओशाळवाणी गोष्टही उघड झाली. अनेक रुग्णांना वर्षानुवर्षे गरजेपेक्षा जास्त औषध दिले जात होते. जादा औषधाने हृदयाची धडधड वाढते, हाडे ठिसूळ होतात. म्हणून वृद्धांना आणि हृदयविकार असलेल्यांना आजही अगदी थोड्या मात्रेपासून सुरुवात करून देतात.

बाईंनी दुसऱ्या दिवसापासून गोळी सुरू केली. सकाळी उपाशीपोटी, लोहाची गोळी चार तासांनी. आठवड्याने त्यांचा पुन्हा निरोप आला, "काहीच फरक नाही, रक्त तपासू का?" आम्ही थांबायला सांगितले. टी-४ शरीरातून निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे रोज ठराविक गोळी घेतली तरी पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात. तोवर काढलेला आकडा दिशाभूलच करील. आठव्या आठवड्यात कागद आला. टीएसएच ६ होते. डॉक्टरांनी मात्रा किंचित वाढवली आणि पुढची तारीख दिली.