बल्लारी जिल्ह्यातील ५३३ शाळा

सरकारी चाकरीत ज्यांची हयात गेली, त्यांना वरिष्ठांकडून येणाऱ्या कोऱ्या तक्त्यांची ओळख करून द्यावयास नको. गावे किती, माणसे किती, शाळा किती. रकाने भरावेत, बेरीज जुळवावी आणि कागद वर रवाना करावा, एवढाच त्यांचा आपला संबंध. परंतु क्वचित एखादा अधिकारी रकाने भरून थांबत नाही. तक्त्यासोबतच्या पत्रात तो असे काही लिहून जातो की, दोनशे वर्षांनंतरही ते वाचताना मन अस्वस्थ व्हावे. बल्लारीच्या कलेक्टराने १८२३ साली लिहिलेले पत्र त्या जातीचे आहे.

मद्रासचे गव्हर्नर सर टॉमस मन्रो यांनी २५ जून १८२२ रोजी सर्व कलेक्टरांकडून देशी शाळांची माहिती मागविण्याचे ठरविले. निजामाने १८०० साली कंपनीला तोडून दिलेल्या मुलखाचे मन्रो स्वतः सात वर्षे मुख्य कलेक्टर होते. बल्लारी जिल्हा त्याच मुलखातून पुढे निघाला. त्यावेळी तेथे ए. डी. कॅम्बेल हे कलेक्टर होते. १८१६ साली तेलुगूचे व्याकरण प्रसिद्ध करणारा हा गृहस्थ लोकांच्या भाषेला परका नव्हता. त्यांचे उत्तर १७ ऑगस्ट १८२३ चे आहे.

जिल्ह्याची लोकसंख्या ९,२७,८५७, शाळा ५३३, विद्यार्थी ६,६४१. म्हणजे शाळेमागे सरासरी बारा मुले आणि हजार वस्तीमागे सुमारे सात. कन्नडच्या शाळा २३५, तेलुगूच्या २२६, फार्सीच्या २१, तमिळच्या ४ आणि इंग्रजीची अवघी १. याखेरीज संस्कृतातून शास्त्रे शिकविणाऱ्या ब्राह्मणांच्या पाठशाळा २३, आणि मराठी शाळाही तितक्याच, २३.

हा मराठीचा आकडा पाहून आपल्यापैकी अनेकांचे डोळे तेथेच थबकतील. पण त्यात नवल नाही. गुत्तीचा किल्ला १७७६ साली हैदरअलीने घेईपर्यंत मुरारराव घोरपडे यांच्या ताब्यात होता, आणि संडूरचे घोरपड्यांचे संस्थान १९४९ पर्यंत टिकले. शिवाय एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्रास इलाख्यातील महसुली दप्तरांत देशस्थ कारकुनांचा मोठा भरणा होता. घरापासून दूर, परक्या भाषेच्या मुलखात चाकरी करणाऱ्या मराठी माणसाची परंपरा आपल्यापासून सुरू झालेली नाही.

आता या मुलांची जातवार गणना पाहू. ६,३९८ हिंदू विद्यार्थ्यांपैकी ब्राह्मण १,१८७, वैश्य ९८२, शूद्र म्हणून नोंदलेले ३,०२४ आणि इतर जातींचे १,२०५, मुसलमान २४३. शिक्षण म्हणजे ब्राह्मणांची मिरास, ही आपली सरसकट समजूत या तक्त्यापुढे टिकत नाही. परंतु तेवढ्याने हुरळून जाण्याचेही कारण नाही. संपूर्ण जिल्ह्यात शिकणाऱ्या मुली साठ, आणि त्या सर्व हिंदू. पाच ते दहा वर्षांची मुले वस्तीच्या नवव्या हिश्श्याइतकी धरावीत, असा मन्रोंचा ठोकताळा होता. त्याने हिशेब केला, तर बल्लारीत आठ मुलग्यांतून एक शाळेत होता. मुलींचे प्रमाण साडेआठशेंत एक असेच पडते. घरी शिकणारी मुले या गणतीत नाहीत हे खरे. मद्रास शहरात ती शाळेतल्यांच्या पाचपटीहून अधिक होती. पण खेडोपाडी तसे असेल, असे मानणे कठीण.

मुले शिकत काय होती? पाचव्या वर्षी शाळाप्रवेश, सकाळी सहाला हजेरी. पहिला येईल त्याच्या तळहातावर सरस्वतीचे नाव, दुसऱ्याच्या हातावर शून्य, तिसऱ्याला एक छडी आणि पुढे चढत्या भाजणीने प्रसाद! आपल्या आजोबा-पणजोबांच्या पंतोजींची आठवण करून देणारीच ही रीत. मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवीत, पाढे घोकीत, मोठी मुले धाकट्यांना शिकवीत. अक्षर व हिशेब यांची तयारी बरी होई; मात्र काव्ये पाठ करूनही त्यांचा अर्थ मुलांना कळत नसे, कारण काव्याची भाषा बोलीहून फार निराळी, असे कॅम्बेल सांगतात.

तथापि पत्राचा खरा गाभा याच्यापुढे आहे. ज्या गावांत पूर्वी शाळा होत्या त्यांतील कित्येकांत आता एकही नाही. जेथे मोठ्या होत्या तेथे केवळ सधनांची मुले उरली. याचे कारण कॅम्बेल लोकांच्या आळसात किंवा धर्मात शोधीत नाहीत. देश हळूहळू दरिद्री होत चालला, विलायती कापडाने येथल्या विणकरांचा धंदा बसला, पैसा देशाबाहेर वाहू लागला, असे ते स्वच्छ लिहितात. त्या ५३३ शाळांपैकी एकीलाही सरकारची मदत नाही, याची आपल्याला लाज वाटते, हेही ते कबूल करतात. कंपनीचाच नोकर कंपनीलाच हे लिहीत होता.

मन्रोंनी १० मार्च १८२६ च्या टिपणात प्रत्येक कलेक्टरीत दोन आणि प्रत्येक तहशिलीत एक शाळा काढण्याची योजना मांडली. पुढच्याच वर्षी, ६ जुलै १८२७ रोजी, पत्तिकोंडा येथे पटकीने त्यांचा अंत झाला. योजना अर्धीमुर्धी चालली आणि १८३६ मध्ये त्या शाळा मोडण्यात आल्या.

पुढे १९३१ साली गांधीजींनी लंडनमध्ये, इंग्रजी अमलात देश अधिक निरक्षर झाला, असे म्हटले आणि सर फिलिप हार्टॉग यांनी त्यांच्याकडे पुरावा मागितला, तेव्हा हे जुने आकडे पुन्हा वादात आले. धरमपाल यांनी १९८३ साली मद्रासचे ते सर्व तक्ते छापून काढले. त्यांतून सुवर्णयुग सिद्ध करावयाचे, तर साठ मुली आडव्या येतात; इंग्रजांपूर्वी सारा अंधार होता असे म्हणावयाचे, तर ३,०२४ शूद्र मुले आडवी येतात. तक्ता दोन्ही पक्षांना पुरता सोयीचा नाही, यातच त्याचा खरेपणा आहे. आणि तो नुसता तक्ता न राहता साक्ष झाला, तो सोबतच्या त्या पत्रामुळे.